रनाळ्याहून आलेली गाडी

माझं लिखाण पहिल्यांदा ज्यांनी ऐकलं त्या सगळ्या शिंकत होत्या. पुढे टाळ्या मिळाल्या, हारही मिळाले, पण लेखिका म्हणून माझं पहिलं स्वागत झालं ते शिंकांनी. त्यात माझ्या गोष्टीचा काही दोष नव्हता. दोष मिरच्यांचा होता.

आज डोळे मिटून बसले की आधी तो रंग येतो. नंदुरबारच्या वेशीबाहेर पथाऱ्या होत्या. खेड्यांतून आलेली ओली लाल मिरची तिथे जमिनीवर पसरून वाळवत, आणि हिवाळा सरता सरता नजर पोचेल तिथवर सगळा माळ लाल होऊन जाई. उत्तरेला सातपुडा, सकाळी निळा, दुपारी धुरकट, आणि कधीकधी जमिनीपासून सुटून हवेतच राहिलेला. त्या लाल रंगाच्या मधोमध, नाकाला पदर बांधून बाया मिरचीचे देठ खुडत बसायच्या. त्यांच्यात मी बसलेली मला दिसते, मांडीवर पुस्तक, डोळ्यांतून पाणी. हे घडलेलं आहे की मीच कुठे लिहिलेलं आहे, असा या वयात घोळ होतो. पण हाताला झालेली आग आठवते, आणि आग काही स्वप्नात होत नाही.

ती वर्षं स्वातंत्र्याच्या आधीची, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं गाव. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते, म्हणून मी त्या गावात मास्तरीणबाई. मूळची मी नाशिकची. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि पुढच्या पावसाळ्यात मामाही गेले. मामींनी बिऱ्हाड मोडलं आणि त्या आपल्या भावाकडे राहायला गेल्या. मला माहेर उरलं नाही. हे मी कुणाला सांगत नसे, कारण सांगायला कुणी नव्हतं. गावातल्या बाया अहिराणी बोलायच्या, मी पुस्तकी मराठी बोलायचे. मी पाणी मागितलं तरी त्या तोंडावर पदर धरून हसायच्या. माझा स्वभाव मुळात तापट. मी बोलणंच बंद केलं आणि दुपारभर दार लावून गोष्टी लिहू लागले.

त्या गोष्टींचं एक पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकांनी काढलं. ते निघालं तेव्हा मी आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हते. वर्ष गेलं आणि न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे आगगाडीने आमच्या घरी आले. सोबत दोन ओळी होत्या. पुस्तक चांगलं आहे, पण तुम्हाला ओळखतं कोण? आधी वाचक उभा करा, मग दुसऱ्या पुस्तकाचं बघू.

"वाचक उभा करायला तो काय लग्नाचा मांडव आहे?" मी यांच्यावरच ओरडले. माझं म्हणणं असं की लेखकाने लिहावं आणि घरात बसावं. लिखाणात काही असेल तर वाचक दार शोधत येईल. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आपलं दार कुठलं, हे या गल्लीत तरी कुणाला माहीत आहे का?" मला इतका राग आला की त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही, आणि यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

पण ते खरं होतं. घरात बसून मी थोर होते, आणि घरात बसून कुणीही थोर होतं. लिहिणं हे माझं एकच हक्काचं ठिकाण होतं, आणि तेही आता कोपऱ्यात सुतळीने बांधून पडलेलं होतं. मी यांना सांगून टाकलं, उन्हाळ्यापर्यंत बघते. आपलं ऐकणारी माणसं मिळाली तर ठीक, नाहीतर दौत सांडून टाकते आणि पापड लाटायला बसते. यांना ठाऊक होतं की मी नुसतं बोलत नाही. त्यांचा चेहरा उतरला.

आमची घरमालकीण गुजर शेतकऱ्यांच्या घरातली. तिच्या घरचा केळीचा आणि कापसाचा पसारा तापीकाठी, आणि गावाबाहेर एक मिरचीची पथारी. बाई मोठी व्यवहारी. गठ्ठे पाहून तिने आधी विचारलं की त्यांना वाळवी लागेल का. मग माझी सगळी कथा ऐकली आणि म्हणाली, "तुन्हं तोंड रिकामं शे, मन्ही पथारीवरल्या बायास्ना कान रिकामा शेतस. चाल, तठे बठ." यात तिचाही मतलब होता. उन्हं चढली की बाया कंटाळून घरी निघायच्या. कुणी त्यांना बोलत बसवलं तर तिला ते हवंच होतं.

मग मी गेले. चांगलं इस्त्रीचं पातळ नेसून गेले, इतकी मी शहाणी होते. पुस्तक उघडलं आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट वाचायला घेतली. गोदावरीवर चांदणं पडलंय आणि नायिका आपल्या मनाशी बोलते आहे, अशी तिची सुरुवात. बाया शिंकत होत्या, खोकत होत्या, एकमेकींना पाणी देत होत्या. शेवटी एकीने मान वर केली आणि आदबीने विचारलं, "बाई, हाई कोनती पोथी शे वं? मधमा देवनं नाव घेवानं ऱ्हास का?"

मी घरी आले ते पाय आपटत. अडाणी आहेत म्हटलं, रसिकता नावाला नाही म्हटलं. हे निमूटपणे हात धुवायला ताक घेऊन आले, कारण नुसतं तिथे बसूनही हाताची आग होत होती आणि मिरचीची आग ताकानेच उतरते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक, एवढ्या बायांनी एकत्र माझ्याकडे पाहिलं होतं, तसं त्या गावात कधी झालंच नव्हतं. जाताना पुस्तक घरी ठेवलं आणि पातळ जुनं नेसले.

त्या दिवशी मी देठ खुडायला बसले. बायांच्या गप्पा चालल्या होत्या. अमक्या गावाची लेक, तमक्या घरची सून, तिचं काय झालं, ती नांदते का परत आली. देठ पडत होते, गोष्टी चालल्या होत्या, आणि मला एकदम कळलं की इथे रोजच गोष्टी सांगतात आणि माझ्याहून बऱ्या सांगतात. मी हळूच म्हटलं, "मीही एक सांगू? एका सुनेची आहे." सगळ्यांनी एकदम विचारलं, "तिन्हं सासर कोनतं?"

माझ्या पुस्तकातल्या नायिकांना सासर नव्हतं, माहेर नव्हतं, गावही नव्हतं. त्यांना फक्त मन होतं. आता काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "इथलंच. नंदुरबारचं." बायांनी माना डोलावल्या आणि ऐकायला घेतलं.

मी सांगत गेले. त्या सुनेला आईबाप नव्हते. सासरची माणसं वाईट नव्हती, पण ती मुक्यासारखी राहायची, कारण तिची बोली वेगळी होती. ती विहिरीवर जायची तेव्हा बाकीच्या हसायच्या. गोष्ट रोज थोडी सांगायची आणि उन्हं डोक्यावर आली की थांबायचं. मला अहिराणी येत नव्हती तर बायाच मला शब्द पुरवायच्या. मी चुकले की हसायच्या, पण ते हसणं आता टोचत नसे. हळूहळू मला एक गोष्ट समजली, जी कोणत्याही पुस्तकात वाचून समजली नसती. गोष्ट कंटाळवाणी झाली की बाया शिंकायच्या, आणि गोष्ट धरली की मिरचीचा खकाणा तोच असूनही त्यांचे हात थांबायचे. बोटांत मिरची तशीच, देठ तसाच, नजर माझ्यावर. घरमालकीण लांबून ओरडायची की हात चालवा. मला मात्र ते थांबलेले हातच हवे असायचे. घरी येऊन मी त्या हातांच्या हिशेबाने लिहायला बसायचे, आणि जिथे बाया शिंकल्या होत्या ते सगळं खोडायचे.

त्या दिवसांबद्दल लिहिताना मला वेळेचं भान राहत नाही. एकच लांबच लांब सकाळ होती असं वाटतं. सूरतेकडे जाणाऱ्या गाडीचा धूर माळावरून तरंगत यायचा आणि मिरचीच्या वासात मिसळायचा. बाया गप्प व्हायच्या, मी बोलायचे, माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. जे मी यांनाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या सुनेच्या तोंडून सहज निघून जायचं. एकदा हे शाळेतून परतताना पथारीच्या कडेला उभे राहून ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "ती सून ओळखीची वाटते." मी म्हटलं, "काही नाही, कल्पना आहे." त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांचं हे न विचारणं मला फार आवडायचं.

गठ्ठेही सुटू लागले. एका बाईची मुलगी चौथीत होती, तिने पुस्तक मागून नेलं आणि आईला वाचून दाखवलं. मग तिच्या मामाने नेलं, मग स्टेशनातल्या बाबूने. कुणी विकत घेतलं, कुणी वाचून परत आणून दिलं. परत आलेल्या प्रतींवर लाल बोटं उमटलेली असायची आणि पान उलटलं की नाकात झणझणायचं. हे तपासायच्या वह्या सोडून माझं पुस्तक उघडत आणि शिंकत बसत. मी म्हणायचे, आता बघा, आपलं लिखाण किती जहाल झालंय.

उन्हाळा लागला. खेड्यापाड्यांतून शेवटची मिरची गाड्यांतून यायला लागली आणि सगळीकडे आखाजीची भाषा सुरू झाली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि तो सासुरवाशिणींचा सण. आखाजीच्या आधी प्रत्येकीच्या माहेराहून मुराळी येतो, म्हणजे तिला न्यायला भाऊ येतो, गाडी जुंपून. मग माहेरी झाडाला झोके, आमरस, गाणी. आमची गल्ली त्या दिवसांत सुनांविना रिकामी पडायची. मी दारात उभी राहून एकेक गाडी जाताना बघायचे आणि मग आत येऊन उगाच भांडी घासायचे.

म्हणून गोष्टही तिथेच येऊन पोचली. त्या सुनेने आखाजीच्या आदल्या सकाळी डोक्याला तेल लावलं, ठेवणीतलं लुगडं काढलं आणि ती उंबरठ्यावर बसली. कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. गल्लीतली प्रत्येक गाडी दुसरीच्या दारात थांबली. ऊन उंबरठ्यावरून सरकत गेलं आणि ती बसून राहिली. एवढं सांगून मी थांबले. झाली गोष्ट. मला तो शेवट फार आवडला होता. लेखकाला आपला करुण शेवट फार आवडतो, जेवल्यावर खाल्लेल्या विड्यासारखा तो त्याच्या तोंडात घोळत राहतो.

पथारीवर एकही शिंक आली नाही. त्या दिवशी रनाळं या खेड्यातली एक म्हातारी तिथे होती. घरच्या मिरचीच्या गाडीबरोबर आली होती आणि वजन होईपर्यंत सावलीला बसली होती. काळीसावळी, अंगाने वाळलेली, कपाळ गोंदलेलं. तिने विचारलं, "तिले भाऊ नही का?"

मी म्हटलं, "नाही."

"चुलतभाऊ?"

"तोही नाही."

"आखाजीले कोनीच येस नही तिले?"

मी मान हलवली. म्हातारीने उठून घरमालकिणीला माझं घर कुठलं ते विचारलं. मला वाटलं, पुस्तक हवं असेल. मी मनातून सुखावले.

आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळी आमच्या दारात बैलगाडी थांबली. बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा, गाडीत गवतावर गोधडी अंथरलेली. वाटेच्या धुळीने मिशा पांढऱ्या झालेला एक पागोटेवाला शेतकरी खाली उतरला. यांच्याहून वयाने मोठा असेल. हात जोडून म्हणाला, "मास्तरीणबाई तुम्हीच ना? मी रनाळाथीन उनू. मन्ही मायनी धाडं माले. ती पोर कोठे शे?"

"कुठली पोर?"

"जिले भाऊ नही ती. मी तिना मुराई. तिले लेवाले उनू."

पथारीवर देवादिकांची, राक्षसांची गोष्ट असली तर ती गोष्ट. पण सासर कोणतं, गाव कोणतं हे सांगून जी गोष्ट सांगितली जाते ती तिथे बातमी असते. कुणाच्या तरी लेकीची खबर असते. इतके दिवस मी त्या बायांमध्ये बसले आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटत होतं त्या माझी कला ऐकताहेत. त्या एका पोरीचे हाल ऐकत होत्या, आणि एक म्हातारी गावी जाऊन तिच्यासाठी गाडी जुंपून मोकळी झाली होती.

मी म्हटलं, "दादा, ती नाहीये."

त्याचा चेहरा पडला. "नही म्हंजे? मरी गयी का?"

"तसं नाही. ती कधी नव्हतीच. मी मनाने काढली. गोष्ट होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. ही बातमी आता पथारीवर जाणार. मास्तरीणबाईने इतके दिवस खोटंनाटं सांगून आपल्याला रडवलं, असं त्या म्हणणार, आणि पुन्हा माझ्यापुढे कोण बसणार? जे काही उभं केलं होतं ते एका वाक्यात कोसळलं, असं मला वाटलं. दौत सांडायची ती आजच सांडावी.

तो मात्र दुसऱ्याच चिंतेत होता. पागोटं काढून त्याने डोकं खाजवलं. "मंग आते मी मायले काय सांगू? मुराईनी गाडी रिकामी जास का कधी? गावमा लोके काय म्हनतीन?" त्याने बैलांकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि त्याला उपाय सापडला. "तुम्हीच चाला, बाई. जे काय सांगानं ते मायले तुम्हीच सांगा."

मी नाही म्हणणार होते. मागून हे म्हणाले, "जा." एवढंच म्हणाले आणि आत जाऊन माझं ठेवणीतलं लुगडं घडीसकट घेऊन आले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर रडले असते.

ती वाट मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. घुंगुरमाळांचा एकसुरी नाद, ऊन, कापसाची वाळलेली शेतं, मध्येच एखादी विहीर आणि तिच्यावर वाकलेलं चिंचेचं झाड. मुराळी फक्त बैलांशी बोलत होता. मला मध्येच डुलकी लागायची आणि जाग आली की मी खरंच माहेरी निघाले आहे असं वाटायचं, मग पुन्हा आठवायचं की आपण तर कबुली द्यायला निघालो आहोत. काय सांगायचं ते मी मनाशी जुळवत होते. जुळवलेलं प्रत्येक वाक्य पुढच्या खड्ड्यात सांडत होतं.

उन्हं कलता कलता रनाळं आलं. म्हातारी दारातच उभी होती. मी खाली उतरायच्या आत तिने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. "उनी का वं माय? लई उशीर हुयना," म्हणाली. अंगणात निंबाला झोका बांधलेला होता आणि गल्लीतल्या सगळ्या लेकीसुना जमल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या कुणाला बघायला आल्या आहेत ते मला माहीत होतं.

आत जाऊन बसले असते तर माझा धीर सुटला असता. मी अंगणातच, उभ्या-उभ्या, मोडक्यातोडक्या अहिराणीत सगळं सांगितलं. ती पोर खरी नाही. मी गोष्टी लिहिते. हीसुद्धा लिहिलेलीच समजा. तुम्हाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. एक सून हसली. दुसरी रागाने म्हणाली, "मंग आम्ही काय उगाच रडनूत?" मागे कुजबुज सुरू झाली. म्हातारीने हात वर केला आणि सगळ्या गप्प बसल्या.

ती माझ्याजवळ आली. माझा चेहरा नीट निरखून पाहिला. मग म्हणाली, "मन्हा डोयामा पानी उनं, ते बी खोटं का?"

तिने माझा हात धरला आणि मला ओट्यावर बसवलं. "तूच तिले उंबरठावर बसाडी दिन्हं आनि निंघी गयी. आशी पोरले टाकी जातंस का? बठ आते. तूच तिले घर आन."

माझ्यापुढे पुस्तक नव्हतं, कागद नव्हता. पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं. इतक्या आवडीने केलेला माझा करुण शेवट त्या अंगणात कुणालाच नको होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही नको झाला. मी सुरुवात केली, "गल्लीत गाडी आली." म्हातारी म्हणाली, "मंग?" मी म्हटलं, "ती दुसरीच्या दारात थांबली नाही." बैलांच्या शिंगांचे गोंडे सांगितले, गोधडी सांगितली, मुराळीच्या मिशांवरची धूळ सांगितली. पलीकडे सणाच्या सांजोऱ्यांचं पुरण भरत बसलेल्या बायांचे हात थांबले. तिच्यावरून भाकर ओवाळली इथपर्यंत मी आले आणि पदर डोळ्यांना लावला. पुढचा शब्द येईना. मग मघाची ती रागावलेली सून उठली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या अगदी शेजारी येऊन बसली. त्यांना समजलं होतं. ती पोर कोण, हे त्या सगळ्यांना समजलं होतं आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही.

पुढे ती गोष्ट माझ्या दुसऱ्या पुस्तकात आली. प्रकाशकांनी ते छापलं, कारण छापायच्या आधीच ते घेणारी माणसं ठरलेली होती, पथारीवर, स्टेशनावर, शाळेत आणि रनाळ्याला. रनाळ्यात तर वाचता न येणाऱ्यांनीही घेतलं आणि देवघरात ठेवलं. आज नवे लिहिणारे माझ्याकडे येतात आणि जरा नाक मुरडून विचारतात, लेखकाने का म्हणून लोकांपुढे जायचं, हे आपलं काम आहे का? मी त्यांना सांगते, जा बाबांनो. आपलं लिखाण जिथे अपुरं राहिलेलं असतं ते आपल्याला घरात बसून दिसत नाही. काहींना पटतं, काही चहा पिऊन जातात.

मी आखाजीचे सगळे दिवस तिथे राहिले. झोका खेळले, आमरस इतका खाल्ला की पोट बिघडलं. निघायच्या दिवशी म्हातारीने गहू आणि नारळ घालून माझी ओटी भरली, खण दिला, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मुराळी गाडी जुंपत होता. मी वाकून नमस्कार केला आणि लवकर गाडीत चढू लागले, कारण सण झाला, गोष्टही पुरी झाली, आता या माणसांचा-आपला संबंध संपला असं माझ्या मनात येत होतं आणि ते मला सोसत नव्हतं. म्हातारीने गाडीचा दांडा धरून ठेवला.

"आखाजीले त गाडी धाडसूच," ती म्हणाली. "दिवाईले धाडू का?"

मी नुसती होकाराची मान डोलावली.